आदल्या रात्रीची दहा मिनिटं: बेताच्या पैशांत पाच माणसांचं घरचं खाणं

संध्याकाळी साडेसहाला घरी यायचं, ओट्यापाशी उभं राहायचं आणि मग ठरवायचं की आज काय करू. आमच्या घरात सगळ्यात जास्त पैसे या एका प्रश्नापायी जायचे. भाजी निवडलेली नाही, कडधान्य भिजवलेलं नाही, मुलं भुकेलेली. मग कोपऱ्यावरून वडापाव, नाहीतर नूडल्सची पाकिटं. त्यानं पाच जणांचं पोट काही भरत नाही, म्हणून नऊच्या सुमाराला पुन्हा भाताचा कुकर लावायचा.

ह्यांच्या कारखान्यात पाळ्या कमी झाल्या आणि घरात येणारा पैसा आटला, तेव्हा मी आधी नको तिथे हात आखडला. दूध कमी केलं, वरण पातळ केलं, शेंगदाणे आणणं बंद केलं. मुलं अर्धवट जेवून उठायची आणि तासाभरात बिस्किटं मागायची. हिशेब मांडला तर बिस्किटांचा खर्च वाढलेला! तेव्हा लक्षात आलं की ताटातलं कमी करून भागत नाही. कमी करायची ती घाई, आणि ती आदल्या रात्रीच कमी करता येते. पुढे लिहिलंय ते सगळं आमच्या पाच माणसांच्या घरात, दोन शेगड्यांच्या गॅसवर, गेली दोन वर्षं रोज चाललेलं आहे.

आधी पंधरा दिवस नुसतं लिहा

काहीही बदलू नका. शाळेची जुनी वही घ्या, ओट्याजवळ पेन अडकवा आणि खाण्यापिण्यावर गेलेला प्रत्येक रुपया लिहा. चहाची टपरी, मुलाच्या डब्यासाठी घेतलेला पाव, वाण्याकडची उधारी, सगळं. शेजारी एकच शब्द लिहायचा: तो खर्च ठरवून केला की घाईत. पंधरा दिवसांनी घाईतल्या खर्चाची वेगळी बेरीज करा. वाचवायला जागा आहे ती तिथे. डाळ-तांदळाच्या खर्चात फार काही हाती लागणार नाही, आणि लागू नये असंच मला वाटतं.

महिन्याची यादी

दोन मोठी माणसं, एक म्हातारं माणूस आणि शाळेत जाणारी दोन मुलं, अशा घराला महिन्याला लागतं ते असं: गहू आणि ज्वारी मिळून २० किलो, तांदूळ ८ ते ९ किलो, तूरडाळ अडीच किलो, मूगडाळ आणि हरभराडाळ एकेक किलो, कडधान्यं सगळी मिळून ३ किलो, शेंगदाणे २ किलो, पोहे २ किलो, रवा १ किलो, तेल अडीच लिटर, साखर ३ किलो, गूळ १ किलो, चहा अर्धा किलो. तुमच्याकडे भात जास्त खात असतील तर गहू कमी करा. एक अंदाज लक्षात ठेवा: एक किलो कणकेच्या मध्यम आकाराच्या ३० पोळ्या होतात. घरात रोज किती पोळ्या लागतात ते मोजा, गव्हाचा हिशेब आपोआप निघतो.

यादी करताना डबे उघडून बघा. मी डब्यांवर कागदाची पट्टी चिकटवली आहे. पंधरा तारखेला माल पट्टीच्या खाली गेला असेल तर हात जरा आवरता घ्यायचा. तेलाचं मात्र मोजूनच. महिन्याचं तेल एकदम बरणीत ओतून ठेवलं की हात सैल सुटतो. मी दर रविवारी अर्ध्या लिटरपेक्षा थोडं जास्त तेल छोट्या बरणीत काढते आणि आठवडाभर तेवढ्यातच भागवते.

पाकिटबंद माल घेताना किंमत बघू नका, भाव बघा. एमआरपीशेजारी बारीक अक्षरात ग्रॅममागचा किंवा किलोमागचा भाव छापलेला असतो. तेलाच्या पिशवीवर वजन हमखास वाचा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, पण तशाच दिसणाऱ्या पिशवीत ८०० किंवा ८५० ग्रॅमही असतं आणि ती स्वस्त वाटते.

मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं असंही नाही. एका मोठ्या दुकानात ‘घसघशीत बचत’ म्हणून मी पाच किलो रवा उचलून आणला होता. ऐन पावसाळ्यात. तिसऱ्या आठवड्यात त्यात जाळ्या धरल्या आणि निम्म्याहून अधिक टाकावा लागला. तेव्हापासून रवा, मैदा, बेसन आणि पोहे महिन्यापुरतेच, पावसाळ्यात तर पंधरा दिवसांपुरतेच. रवा आणला की त्याच दिवशी कोरडा भाजून, गार करून डब्यात भरायचा. टिकतो, आणि सकाळी उपमा-शिऱ्याचा वेळही वाचतो.

रेशनकार्ड असेल तर धान्य उचलायला लाजू नका. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर घरटी ३५ किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. रेशनच्या तांदळात काही दाणे जरा वेगळे, पाण्यावर तरंगणारे दिसले तर ते प्लास्टिकचे समजून फेकू नका. लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले ते दाणे असतात, शंभर दाण्यांत एखादा असतो. तांदळाला वास येत असेल तर दोन तास उन्हात पसरा. तरीही भात आवडला नाही तर तो तांदूळ इडली-डोशाला, घावनांना आणि भाजणीला ठेवा, तिथे कुणाला कळतही नाही.

वर्षाचा गहू एकदम घ्यायला पैसा लागतो, तो आम्ही भिशीतून उभा करतो. आमच्या आळीतल्या दहा जणींची भिशी आहे आणि माझा नंबर मी मुद्दाम एप्रिलचा मागून घेते, कारण तेव्हा नवा गहू बाजारात आलेला असतो. गहू दोन दिवस कडक उन्हात तापवायचा, रात्रभर गार होऊ द्यायचा आणि सुकवलेला कडुनिंबाचा पाला थराथरात घालून कोठीत भरायचा. तूरडाळीला किलोमागे चमचाभर एरंडेल तेल चोळून ठेवते. गरम असताना धान्य कधीच भरू नका, आत घाम धरतो आणि कीड लागते.

रात्रीची दहा मिनिटं

जेवणं झाली, ओटा पुसला की मी तीन गोष्टी करते. उद्याची भाजी निवडून ठेवते. विरजण लावते. आणि कडधान्य भिजत घालते. यातली तिसरी सगळ्यात महत्त्वाची.

मटकीचं गणित असं. आज रात्री भिजवली तर उद्या सकाळी उपसायची, दिवसभर बांधून ठेवायची आणि परवा सकाळी डब्याला उसळ. म्हणजे एक धान्य बांधलेलं आणि एक भिजत पडलेलं, अशी दोन भांडी आमच्याकडे जवळजवळ रोजच असतात. दीड वाटी मटकी निवडून, धुऊन, तिप्पट पाण्यात भिजवा. सकाळी चाळणीत उपसून पंधरा मिनिटं पूर्ण निथळू द्या. घाईत इथेच चुकतं. पाणी राहिलं की मोड येण्याआधी मटकी बुळबुळीत होते. मग सुती पंचाच्या तुकड्यात घट्ट पुरचुंडी बांधा, चाळणीत ठेवा, वर झाकण. थंडीत पुरचुंडी डब्यात घालून कणकेच्या डब्याशेजारी किंवा गॅसजवळ ठेवा. पावसाळ्यात संध्याकाळी एकदा उघडून धुवा, पुन्हा निथळा, पुन्हा बांधा. वास धरत नाही.

दीड वाटीची चार वाट्यांच्या आसपास मोड आलेली मटकी होते. त्यातल्या अडीच वाट्यांची सकाळी उसळ, पाचही जणांना पुरते. उरलेल्या दीड वाटीचा संध्याकाळी पातळ रस्सा करायचा: कांदा आणि सुकं खोबरं भाजून वाटायचं, कांदा-लसूण मसाला घालायचा, भरपूर पाणी. वर थोडे पोहे किंवा चुरमुरे आणि कच्चा कांदा. मुलं त्याला मिसळच म्हणतात आणि बाहेरची मागत नाहीत.

सगळ्याच कडधान्यांना मोड लागत नाहीत. चवळी आणि मसूर तास-दोन तास भिजले तरी पुरे, म्हणून विसरलेल्या रात्रीसाठी ते हाताशी ठेवावेत. वाटाणे आणि छोले मात्र रात्रभर भिजायलाच हवेत. आणि अगदीच काही नसलं तर पिठलं आहे. बेसनाचं दहा मिनिटांत होतं, कुळथाच्या पिठाचं त्याहून चवदार. माझ्या माहेरी, रत्नागिरीकडे, कुळथाची पिठी आणि भात म्हणजे पूर्ण जेवण. ती गरिबीची खूण मानून आता लोक पाहुण्यांपुढे ठेवत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. प्रथिनं भरपूर, खर्च थोडका, आणि चव अशी की माणूस भात दुसऱ्यांदा घेतो.

एक लिटर दूध कुठे कुठे जातं

दूध कमी करू नका असं मी का म्हणते ते सांगते. फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्ड दुधात ३ टक्के. म्हणजे लिटरभर फुल क्रीम दुधाबरोबर साधारण ६० ग्रॅम स्निग्धांश घरात येतो. तो नीट काढून घेतला तर तूप वेगळं विकत घ्यावं लागत नाही. आणि साय काढलेलं दूध चहाला, दह्याला उत्तम चालतं.

दूध उकळलं की गॅस अगदी बारीक करून आणखी पाच मिनिटं तापू द्या. मग जाळीखाली गार करा, ताट झाकू नका, झाकणाचं पाणी पडलं की साय पातळ होते. गार झालं की फ्रिजमध्ये पाच-सहा तास. साय चमच्यानं एका बाजूने गोळा करून सायीच्या भांड्यात घाला. त्या भांड्याच्या तळाला पहिल्या दिवशी चमचाभर दही लावून ठेवायचं. रोजची साय त्यावर, भांडं फ्रिजमध्ये, आठ ते दहा दिवस. फार दिवस साठवली तर कडवट वास येतो, मग तुपालाही तो लागतो.

दहाव्या दिवशी रात्री भांडं बाहेर काढून ठेवा, सकाळपर्यंत छान विरजलेलं असतं. मोठ्या पातेल्यात काढून रवीनं घुसळा आणि अधूनमधून फ्रिजचं गार पाणी घाला. उन्हाळ्यात बर्फाचे चार खडे. आधी ते फेसाळतं, मग दाटतं, रवी जड होते. एकदम हात हलका लागला की समजा लोणी सुटलं. वर पिवळसर गोळे, खाली पांढरं ताक. लोणी गार पाण्यात दोन-तीनदा धुऊन जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेवा. सुरुवातीला तडतड आवाज येतो, तो पाण्याचा. तो थांबला, वरचा फेस बसला आणि तळाची बेरी बदामी झाली की लगेच गॅस बंद. कढईच्या उष्णतेनं ती आणखी एक छटा पुढे जाते, म्हणून गडद व्हायची वाट बघू नका. आमच्याकडे महिन्याच्या तीस लिटर दुधामागे अर्ध्या किलोच्या आसपास तूप निघतं. सुट्टं म्हशीचं दूध मिळत असेल तर आणखी निघेल.

तूप गाळून घेतलं की कढई लगेच घासायला टाकू नका. बेरीत चमचाभर साखर घालून मुलांना द्या, नाहीतर थोडी कणकेत घाला. पोळ्या खुसखुशीत होतात. मग त्याच कोमट कढईत त्या दिवशीची कणीक मळायची. बोटांना, कढईला लागलेलं सगळं तूप कणकेत जातं आणि कढई निम्मी स्वच्छ होते. सासूबाईंनी मला हे लग्नानंतर पहिल्याच महिन्यात दाखवलं होतं. ‘देवाघरचं आहे ते, नळाखाली घालवू नकोस,’ असं म्हणून त्यांनी माझ्या हातातली घासणी काढून घेतली होती.

लोणी काढून उरलेल्या ताकाची त्याच दिवशी कढी करा. दूध नासलं तरी टाकायचं नाही: आणखी थोडं लिंबू पिळून पूर्ण फाडा, कपड्यात बांधा, पनीर होतं. खालचं पिवळट पाणी कणीक भिजवायला किंवा आमटीत घाला. दुधाला वाईट वास किंवा कडवट चव असेल तर मात्र ते टाका, तिथे काटकसर नको.

घरात तयार हवं असं

भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी आणि थालिपिठाची भाजणी. या तीन डब्यांमुळे आमचा वडापाव सुटला असं मी म्हणेन. भाजणीला ज्वारी २ वाट्या, बाजरी २ वाट्या, तांदूळ १ वाटी, हरभराडाळ १ वाटी, गहू अर्धी वाटी, उडीदडाळ अर्धी वाटी, धणे अर्धी वाटी आणि दोन चमचे जिरे. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, कारण तांदूळ फुलायला लागतो तेव्हा बाजरी आधीच करपलेली असते. पूर्ण गार करून गिरणीत जरा भरड दळून आणा. संध्याकाळी कांदा, कोथिंबीर, तिखट-मीठ घालून थापलं की पंधरा मिनिटांत पहिलं थालीपीठ ताटात.

भाजी

आठवडी बाजारात अंधार पडायच्या सुमाराला जा, माल परत न्यायचा नसतो म्हणून वाटे स्वस्त होतात. पण त्या वेळची पालेभाजी त्याच रात्री निवडून, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवायला हवी. रात्री निवडणं होणार नसेल तर तो वाटा घेऊच नका.

फ्लॉवरचे कोवळे दांडे आणि कोथिंबिरीच्या काड्या आमटीत, मुळ्याचा पाला पीठ पेरून, कलिंगडाच्या सालीजवळचा पांढरा गर किसून थालिपिठात. दोडक्याच्या शिरा मात्र खास. दोन दोडक्यांच्या शिरा सोलून अगदी बारीक चिरा. चमचाभर तेलात मंद आचेवर परतत राहा, दहा-बारा मिनिटं लागतात, त्या कुरकुरीत होईपर्यंत सोडू नका. मग दोन चमचे तीळ, मूठभर किसलेलं सुकं खोबरं, चार लसणीच्या पाकळ्या. खोबरं गुलाबी झालं की गॅस बंद करून तिखट, मीठ, चिमूटभर साखर, आणि खलबत्त्यात जाडसर कुटा. भाकरीबरोबर हीच भाजी. दोडका उद्याला शिल्लक.

उरलेलं

पोळ्या उरल्या तर फोडणीची पोळी, भाकरी उरली तर ताकात कुस्करून वर लसणाची फोडणी. यात सांगण्यासारखं नवीन काही नाही, प्रत्येक मराठी घराला ते येतं. सांगायचं आहे ते भाताबद्दल. रात्रीचा भात सकाळपर्यंत ओट्यावर तसाच राहिला तर फोडणी देऊनही तो खात्रीचा होत नाही. गार झाला की तासा-दोन तासांत पसरट डब्यात फ्रिजमध्ये, आणि सकाळी वाफ येईपर्यंत गरम. घरात फ्रिज नसेल तर भात मोजूनच लावा. एका माणसाच्या पोटदुखीचा खर्च महिन्याच्या तांदळाएवढा होतो.

गॅस

डाळ-तांदूळ अर्धा तास आधी भिजवले की कुकरच्या दोन शिट्ट्या कमी होतात. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करायची. शिट्टीतून जोरात निघणारी वाफ म्हणजे जळलेला गॅस. कुकरच्या एका डब्यात वरण, दुसऱ्यात भात आणि खाली पाण्यात उद्याच्या भाजीचे बटाटे. गॅस बंद केल्यावर कुकर जाड टॉवेलात गुंडाळून ठेवा. आत बराच वेळ शिजत राहतं, विशेषतः मसूर आणि मुगाची खिचडी. पोळ्या झाल्यावर तापलेल्या तव्यावर रवा किंवा शेंगदाणे टाकून ठेवायचे, निम्मं भाजणं फुकटात होतं.

आणि नवा सिलिंडर लावला की त्यावर खडूनं तारीख लिहा. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, तो किती दिवस गेला हे त्याशिवाय कळत नाही. भिजवण्याची सवय लागण्याआधी आमचा सिलिंडर ३३ दिवस जायचा. परवा उतरवला त्यावर खडूची तारीख ४१ दिवसांपूर्वीची होती.